मशीनच्या डोळ्यावरची टिकली

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. माझ्या ओळखीतल्या एखाद्याला हे वाक्य वाचून दाखवलं तर तो हसेल. दत्तूनं न सांगितलेली गोष्ट असू शकते, यावर आमच्याकडे कुणाचा विश्वास बसणार नाही. माझ्या पोटात तीळ भिजत नाही. स्वतःच्या फजित्या तर मी इतक्या रंगवून सांगतो, की लग्नाच्या पंगतीत लोक मला मुद्दाम मधे बसवतात, म्हणजे दोन्हीकडच्यांना ऐकू यावं.

मॅग्नेटची फजिती तर निम्म्या संभाजीनगरला पाठ असेल. मी मलब्याच्या प्लांटवर सुपरवायझर आहे. पाडलेल्या इमारतींचा मलबा आमच्याकडे येतो, त्यातून आम्ही खडी, वाळू आणि ब्लॉक करतो. पट्ट्यावरून मलबा चालतो तेव्हा वर एक भलंमोठं मॅग्नेट असतं, ते सळया-खिळे ओढून घेतं. तर एकदा पाहुण्यांना वाकून ते दाखवताना मॅग्नेटनं माझ्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा ओढला, आणि जुडग्यामागे मला. कुणीतरी बटण बंद करेपर्यंत मी चवड्यांवर लटकत होतो, एका हातानं पँट धरून. हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता त्यात थोडी भरही पडली आहे. पँट तेव्हा खरं तर सुटली नव्हती.

या फजित्या मी का सांगत आलो, हे मला अलीकडे कळायला लागलंय. माणूस स्वतःवर एवढा हसतो म्हटल्यावर त्याच्याकडे लपवण्यासारखं काही असेल असं कुणाला वाटणार? — पण ते पुढं. आधी मशीनचं सांगतो. बघा, लगेच वळसा घातला. घालू द्या. वळसे घेतल्याशिवाय मला तिथं पोचता येणार नाही.

आमचा प्लांट बिडकीनच्या अलीकडं, मोकळ्या माळावर. ट्रक येतात, मलबा उतरतो. मोठा जबडा असतो, तो स्लॅबचे तुकडे फोडतो. मग मॅग्नेट. मग वाऱ्याचा झोत, त्यात प्लास्टिक, लाकूड, थर्मोकोल उडून बाजूला. मग चाळण्या, मग धुणं. एका टोकाला कुणाचं तरी स्वयंपाकघर आत जातं आणि दुसऱ्या टोकाला वाळू बाहेर येते. मला पहिल्या दिवशी हे पाहून अंगावर काटा आला होता. चांगल्या अर्थानं. आज येतो तो वेगळा.

या सगळ्यात एक डोळा आहे. पट्ट्याच्या वर बसवलेला कॅमेरा, भोवती दिवा. त्याचं काम एकच — पीओपी ओळखायचं. छताला नक्षी करतात ते पांढरं पीओपी. ते दिसलं की पट्टा थांबतो, लाल दिवा लागतो, भोंगा वाजतो. मग पट्ट्याशी निवडायला उभ्या असलेल्या बायकांनी तो तुकडा उचलायचा, बटण दाबायचं, पट्टा पुन्हा चालू. का? तर पीओपी सिमेंटच्या ब्लॉकमध्ये गेलं की सुरुवातीला काहीच होत नाही. ब्लॉक दाबून पाहा, पास होतो. पण पुढं ओल लागली की ते आतल्या आत फुगतं. महिनोन्महिने, गुपचूप. आणि ब्लॉक आतून फुटतो.

हे मला कुणी नंतर सांगितलं नाही. हे मीच सांगायचो. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला, त्या डोळ्याखाली उभं करून — "पीओपी म्हणजे जावई समजा साहेब. आला तेव्हा गोरागोमटा, गोड. जरा पाणी लागलं की फुगून बसला." लोक हसायचे. जावई असलेले जरा कमी हसायचे. म्हणजे 'मला माहीत नव्हतं' असं म्हणायचा रस्ता माझ्यासाठी मीच बंद करून ठेवलेला आहे.

मशीन नवी होती तेव्हाची गोष्ट. त्या दिवशी दुपारी मोठी मंडळी प्लांट बघायला येणार होती. सकाळी मलबा आला तो छावणीकडच्या एका जुन्या मंगल कार्यालयाचा. त्या कार्यालयाच्या मालकाला मोरांची हौस असावी. छतभर पीओपीचे मोर, वेली, कमळं. सगळं फुटून मलब्यात मिसळलेलं. पट्टा चालू केला की थांबला. बटण दाबलं की पुन्हा थांबला. भोंगा असा वाजत होता की माळावरचे बगळे उठून गेले. पट्ट्यावर निवडायला असणाऱ्या सुशीलाबाई म्हणाल्या, "दादा, आज ही बाई लईच कुरकुर करायलीय."

मला घाम फुटला होता. दुसरा मलबा लावावा तर तो हलवायला वेळ नाही. पाहुण्यांपुढं दर दोन पावलांवर अडखळणारी मशीन कशी दाखवायची? आणि मला — खरं सांगतो — मला त्या दिवशी मशीनपेक्षा स्वतःला दाखवायचं होतं.

मी सुशीलाबाईंकडं टिकलीचं पाकीट मागितलं. त्यांच्या कमरेच्या पिशवीत असायचं. त्यातली सर्वांत मोठी, गडद रंगाची टिकली घेतली, स्टुलावर चढलो आणि मशीनच्या डोळ्यावर चिकटवली. म्हणालो, "घ्या, उजवली पोरगी. आता नाही बोलणार." सगळे हसले. सुशीलाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मशीनला सगळंच काळं दिसायला लागलं, आणि काळ्यात पांढरं कुठून दिसणार? पट्टा दिवसभर एकदाही थांबला नाही. मी वेगही वाढवला. हातानं वेचणाऱ्या बायका पुऱ्या पडेनात. सुशीलाबाई एकदा म्हणाल्या, "दादा, पांढरं लई चाललंय." मी म्हणालो, जाऊ द्या.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशीच्या ब्लॉकमधला एक लाल फीत बांधून त्यांच्या हाती दिला गेला, आणि एक आमच्या ऑफिसच्या काचेच्या कपाटात ठेवला. तो आजही तिथं आहे. कोरड्या हवेत. त्याला काहीही झालेलं नाही.

संध्याकाळी टिकली काढली. बाकीच्या ब्लॉकचा थर कुंपणाकडं वेगळा लावून घेतला. मनात होतं, हे पुन्हा फोडायचे. देवाशपथ मनात होतं. पण मनातल्या गोष्टींचं काय होतं, तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता नामा.

नामा माझ्या गावचा, बिडकीनच्या पुढं. त्याचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. आता थोडी शेती, थोड्या बकऱ्या, हंगामात मिळेल तो रोजगार. आमची शेतं लागून. लहानपणी मी शाळेतून पळायचो तो त्याच्या मेंढरांत लपायचो, आणि त्याची आई, गयामावशी, मास्तरांना सांगायची, इकडं कुणी नाय आलं. माझ्यासाठी खोटं बोलणारी ती पहिली बाई. मावशी आयुष्यभर चालली. पाऊस संपला की कळपामागं निघायची ती पार दूर, आणि परत यायची तेव्हा तिच्या वहाणांना टायरचं नवं तळ लागलेलं असायचं. म्हातारी झाली तरी रोज बकऱ्या घेऊन माळावर जायची, काठी खांद्यावर आडवी टाकून.

नामाला बकऱ्यांसाठी पक्कं वाडगं बांधायचं होतं. मला म्हणाला, "तुझ्याकडं फुटकंतुटकं काय असंल तर दे गड्या. बकऱ्यांना काय, राजवाडा थोडाच लागतोय." आणि मी मोठेपणानं म्हणालो, फुटकं कशाला, चांगलं घेऊन जा. तयार, पाणी पिऊन पक्का झालेला एकच थर माझ्या हातात होता. कुंपणाकडचा. बाकी सगळा माल आधीच सांगून ठेवलेला. बकऱ्यांचं वाडगं तर आहे, असं मी स्वतःला म्हणालो. कुणी राहणार थोडंच आहे त्यात?

भिंत बांधली युसूफभाईंनी. शहागंजचे मिस्त्री, आमच्या भागात त्यांनीच निम्मी घरं उभी केलेली. शांत माणूस. ओळंबा लावून झाल्यावर एक डोळा मिटून बघायचे आणि मगच पुढची वीट.

नव्या वाडग्यात दूध उतू घातलं त्या दिवशी मला बोलावणं आलं. नामानं टोपी, टॉवेल, नारळ देऊन माझा सत्कार केला. वाडगं दिलं म्हणून. मी टोपी घालून बसलो, खुशीत — आणि मग मान वळवली. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला पत्र्याची पडवी काढलेली होती. पडवीत बाज. बाजेवर गोधडी.

मावशी म्हणाली, "मी आता हितंच निजणार बाबा. बकऱ्यांचा आवाज कानावर पडला की बरं वाटतंय. तुझी भिंत लई गार हाय. पाठ लावली की डोळा लागतोय."

तेव्हा सांगायला हवं होतं. टोपी डोक्यावर होती, घास हातात होता, मावशी समोर होती. एक वाक्य. "मावशी, बाज तिकडं घे." कारणसुद्धा सांगायची गरज नव्हती. मी काय केलं? मॅग्नेटची गोष्ट सांगितली. मावशी हसून हसून रडली.

त्यानंतर मी तिकडं जाणं कमी केलं. पण बातम्या यायच्या. भिंतीच्या आतल्या बाजूला बकऱ्यांचं पाण्याचं टाकं होतं, रोज सांडलवंड, रोज ओल. पहिल्यांदा नामानं फोनवर सांगितलं ते हसत — "तुझ्या भिंतीला मीठ फुटलंय गड्या. बकऱ्या चाटून चाटून हैराण." मी जाऊन पाहिलं. तळाच्या ओळींवर पांढरी बुरशीसारखी साय आली होती, आणि बकऱ्या रांगेनं उभ्या राहून भिंत चाटत होत्या. खरखर, खरखर. तो आवाज मला अजून ऐकू येतो. जनावरं एवढ्या निगुतीनं काय शोधत होती?

मी म्हणालो, नवीन भिंतीला येतं असं.

मग एका ब्लॉकवर चांदणीसारखी चीर. मग शेजारच्यावर. मग त्या चांदण्या एकमेकींना भेटायला लागल्या. मी दर खेपेला बघायचो आणि दर खेपेला बाजेकडं बघायचं टाळायचो. एकदा स्वतः पुट्टी नेली आणि चिरा बुजवल्या. नामाची बायको म्हणाली, एवढा मोठा साहेब, पण हातानं काम करायला लाजत नाय. मी ती पुट्टी इतकी सफाईनं लावली की भिंत नव्यासारखी दिसली. चिरा आत राहिल्या, बघणाऱ्यांचे डोळे तेवढे बुजले. टिकलीनं केलं होतं तेच, फक्त या वेळी माणसांवर.

एक दिवस नामाचा फोन. "दत्तू, भिंतीला पोट आलंय गड्या. डोहाळजेवण कधी घालायचं?"

भिंतीला पोट येणं म्हणजे काय, हे बांधकामाच्या धंद्यातल्या कुणालाही कळतं. ती बाहेर झुकते. ती निघालेली असते. मी फोनवर हसलो. म्हणालो, आधी बाप कोण ते विचार. तोही हसला. आणि मग मी — हे वाक्य मी किती दिवस तोंडात धरून बसलोय — मग मी म्हणालो, "मिस्त्रीनं माल कच्चा लावलेला दिसतोय. बघू, येतो पुढच्या आठवड्यात."

कुणीही विचारलेलं नसताना. नुसतं, सहज.

पुढचा आठवडा आलाच नाही. भरदुपारी, जेवणं झाल्यावर, भिंत बसली. बकऱ्या माळावर होत्या, त्या दिवशी नामाचा मुलगा घेऊन गेला होता, कारण मावशीचे गुडघे दुखत होते. मावशी बाजेवर होती. भिंतीला पाठ लावून.

ती वाचली. बाजेची एक बाजू मोडली आणि ती खाली, पोकळीत सापडली म्हणून वाचली. पण खुबा गेला. सरकारी दवाखान्यातून घरी आणली तेव्हापासून ती उठलेली नाही. चालणारी बाई होती ती. मी हे पुन्हा का सांगतोय? सांगून झालंय. तरी सांगतोय.

थोड्या दिवसांनी नामाच्या दारात लिंबाखाली बैठक बसली. गावातली चार जाणती माणसं, नामा, त्याचे भाऊ, आणि मधे युसूफभाई. ते आपणहून आले होते. उभेच राहिले. "मैं माल बराबर डाला था, भाऊ. अल्ला की कसम. पानी बी मारा." नामाचा धाकटा भाऊ त्यांच्या अंगावर जायला निघाला होता, त्याला लोकांनी धरलं. मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. सगळ्यांच्या नजरेत एकच होतं: यातलं शिकलेला दत्तूच, तोच सांगंल.

समोर भिंतीचा ढीग होता. मी खाली बसलो आणि एक फुटका ब्लॉक उचलला. फुटलेल्या बाजूला पांढरे दाणे होते. तांदळासारखे, हरभऱ्यासारखे. एका ठिकाणी तर दाणा नव्हता, मोराच्या पिसाऱ्याचा तुकडा होता — नखाएवढा, नक्षीचा एक डोळा शाबूत. मी तो अंगठ्यानं दाबला. तो पीठ झाला.

मी ती बाजू जमिनीकडं केली आणि ब्लॉक खाली ठेवला. म्हणालो, "सांधा कच्चा आहे. सिमेंट कमी घातलंय."

झालं. एवढंच बोललो. यापेक्षा लांब गोष्टी मी पँटबद्दल सांगितल्या आहेत.

युसूफभाईंनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ते खाली पडलेल्या सांध्यांकडं बघायला लागले, जणू आपण काय केलं होतं ते त्यांना आठवून बघायचं होतं. मग रुमालानं तोंड पुसून निघून गेले. त्यानंतर आमच्या भागात त्यांना कुणी काम दिलं नाही.

वाटलं असेल तुम्हाला, संपलं. मलाही वाटलं होतं.

नामाला मी म्हणालो, हा मलबा मी घेतो, तुला नवे ब्लॉक देतो, चांगले. दिलेही. त्याबद्दल तो आजही माझे उपकार मानतो. तर भिंतीचा मलबा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून नामा स्वतःच प्लांटवर आला. त्याला मशीन बघायची होती. नाही कसं म्हणू? त्याला मी डोळ्याखाली उभं केलं, जिथं सगळ्या पाहुण्यांना करतो तिथं. पट्टा चालू केला.

पट्टा थांबला. लाल दिवा. भोंगा.

बटण दाबलं. दोन हात पुढं गेला, थांबला. पुन्हा दाबलं. पुन्हा थांबला. मशीनच्या डोळ्यावर आता काही नव्हतं. तिला सगळं दिसत होतं आणि ती सांगत होती, पुन्हा पुन्हा, त्याच्या समोर. सुशीलाबाई पट्ट्याशी होत्या. त्यांनी एक पांढरा तुकडा उचलला, बघितला, मग माझ्याकडं बघितलं. त्यांचं टिकल्यांचं पाकीट त्यांच्या कमरेला होतंच. त्या दिवसापासून त्या माझ्याशी कामापुरतंच बोलतात, आणि "दादा"चं "साहेब" झालंय.

नामा भोंग्याच्या वरताण ओरडून म्हणाला, "काय म्हणतीया रं ही?"

मी म्हणालो, "काही नाही. जुनी झालीय, थांबते मधे मधे."

नामानं मान हलवली. मशीनच्या खांबावर हात थोपटला, म्हातारं जनावर थोपटावं तसा.

परवा शहागंजात युसूफभाई भेटले. कुणाच्या तरी हाताखाली फरशी घासायला जातात. केस पार पांढरे. मी रस्ता ओलांडून पलीकडं जाणार होतो, पण त्यांनीच हाक मारली, टपरीवर नेलं. मावशी कशी आहे, विचारलं. मी म्हणालो, आहे तशीच. चहा आला. कपाकडं बघतच ते म्हणाले, "बहोत सोचा भाऊ. तुम बोले वो बराबरच होंगा. उस दिन मेरा ध्यान नहीं होंगा. मेरेसेच कुछ तो चुका होंगा."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "होतं असं कधी कधी, युसूफभाई."

चहाचे पैसे मी दिले. ते नक्को नक्को म्हणत होते.